क्रांतीनंतरची फर्स्ट शिफ्ट

आम्ही दापोडीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ उभे. अंगात कुठल्याशा कंपनीचा खाकी शर्ट, खिशावरचं कंपनीचं नाव उसवून काढलेलं, पण सुईची भोकं तशीच. नमस्कार नाही, ओळख नाही. सरळ विचारलं, "महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसता त्या तुम्हीच?"

"हो. पण दाखल्याचं काम असेल तर ऑफिसात या. घरी मी कुणाच्या जन्ममरणात पडत नाही."

"दाखला नको, ताई. एकच विचारायचं होतं. उद्या क्रांती झाली, तर परवा सकाळी तुम्ही कामावर येणार का?"

नवरा चाकणहून नाइट शिफ्ट करून नुकताच आडवा झाला होता. त्याने आतून ओरडून विचारलं, "कोण आहे?" आता काय सांगणार? सासूबाई पलंगावरून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "सुट्टी जाहीर झाली तर नाही येणार."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "सुट्टी जाहीर होऊ द्यायची न्हाई, एवढं मी बघतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

हे कॉम्रेड रसाळ. तळमजल्यावर एकटे राहायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. उभा जन्म पिंपरीतल्या एका कंपनीच्या बॉयलरवर आणि लाल झेंड्याच्या युनियनमध्ये गेला. कंपनी केव्हाच बंद पडली, तिथे आता उंच टॉवर झालेत. भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना कॉम्रेडच म्हणायचे आणि तेही भाजीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना कॉम्रेड म्हणायचे. फक्त बायकांना ताई.

बाकीचे कॉम्रेड लोक क्रांती कधी होणार आणि कुणामुळे अडली यावर भांडतात. रसाळांना त्यात काडीचा रस नव्हता. क्रांती होणारच, हे ते पगाराच्या तारखेसारखं धरून चालले होते. त्यांना घोर होता तो दुसऱ्या दिवसाचा.

"सत्ता घ्यायला काय लागतं ताई? माणसं आन् झेंडा. पर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोण सोडणार? फर्स्ट शिफ्टची बस कोण काढणार? रशियात काय झालं? राज्य हातात आलं, आन् कचेऱ्यांतले जुने बाबू घरी बसले. नवे मंत्री खुर्चीत, आन् तिजोरीच्या किल्ल्या बाबूंच्या खिशात! शेवटी काय, तेच बाबू आन् तीच टेबलं. चीनवाले शहाणे. त्यांनी शहरात शिरायच्या आधीच सांगून ठिवलं, कुणी जागा सोडू नका, पगार चालू राहील."

"मग सगळं तेच राहणार असेल तर क्रांती कशाला हवी?" मी एकदा चिडवलं.

त्यांना माझी कीव आली असावी. "पाणी तेच, ताई. पर समद्यांना."

तर असा हा माणूस वर्षानुवर्षं क्रांतीनंतरच्या पहिल्या शिफ्टची हजेरी पक्की करत हिंडत होता. वीज मंडळाचा लाइनमन खांबावर चढलेला असला तरी हे खालून विचारणार. पीएमटीचा ड्रायव्हर, रेशनवाला, रेल्वे फाटकाचा माणूस, सगळ्यांना हाच प्रश्न. स्मशानातल्या माणसाला म्हणाले, "त्या दिवशी तुला काम जरा जास्त पडंल, पर दांडी मारू नको." तो बिचारा आठवडाभर विचारत होता, नक्की कोण जाणार आहे?

एकदा चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला गाठलं. हवालदाराने आधी यांना नीट बघून घेतलं आणि मग चौकीत नेलं. क्रांती कुठे आहे, किती माणसं येणार, परवानगी काढली का, सगळी चौकशी झाली. कॉम्रेडनी प्रामाणिकपणे सांगितलं, की तारीख ठरलेली नाही. हवालदार म्हणाला, ठरली की अर्ज द्या, बंदोबस्त देऊ. चहा पाजून सोडून दिलं. संध्याकाळी कॉम्रेड माझ्या दारात, चेहरा फुललेला. "ताई, पोलीस तयार हायत!"

माझा पिच्छा तर त्यांनी कधीच सोडला नाही. क्रांतीच्या दुसऱ्या दिवशीही पोरं जन्माला येणारच, त्यांना दाखले कोण देणार? एकदा वैतागून मी म्हटलं, "तुमच्या सरकारने जुनी पेन्शन चालू केली तर मी डबल ड्यूटी करीन." पंधरा दिवसांनी जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाले, "जुन्या पेन्शनचा विचार करायला हरकत न्हाई." हा विचार त्यांनी कुणाशी बसून केला, देव जाणे.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण तोवर नळाला पाणी होतं.

आमची सोसायटी जुन्या कामगारांची. दोन विंग, मध्ये मोटर रूम, आणि मोटर रूमला चिकटून एक खोली. त्या खोलीत साळवी राहायचे. साळवी सोसायटीचे मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मोटर लावायची, गेटवर बसायचं, तक्रारी ऐकून विसरायच्या आणि चेअरमन बबनशेठ सांगतील ते करायचं. रत्नागिरीकडचा एकटा जीव. पंचविशीत आलेला माणूस त्याच खोलीत म्हातारा झाला. दुसरं घर त्यांना नव्हतं.

खालच्या टाकीतलं पाणी मोटरने वर चढायचं. कुठल्या विंगच्या टाकीत किती चढणार ते एका व्हॉल्व्हवर, आणि तो व्हॉल्व्ह साळवींच्या हातात. मग एका उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं आणि आमच्या विंगचा व्हॉल्व्ह लवकर बंद व्हायला लागला. बबनशेठ समोरच्या विंगमध्ये राहायचे, आणखी काय सांगू? तिकडे गाड्या धुतल्या जायच्या आणि इकडे आम्ही बादल्या उचलून चौथ्या मजल्यावर न्यायचो. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या अंथरुणावर. रोजच्या चादरी धुवायला पाणी नाही. त्या रडायच्या, कारण त्यांना स्वतःचाच वास सहन व्हायचा नाही.

मी साळवींच्या हातापाया पडले. "म्हातारं माणूस झोपून आहे हो, थोडा वेळ जास्त सोडा." ते खाली बघत म्हणाले, "बबनशेठना विचारा." बबनशेठ म्हणाले, "साळवींना विचारा." त्या दिवसापासून मी साळवींना तोंडावर शिव्या घालायला लागले. सरकारी नोकरीत राहून जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या घातल्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये वार्षिक सभा होती. सभा म्हणजे बबनशेठ वाचणार, आम्ही माना डोलावणार आणि वेफर्स खाऊन घरी जाणार. पण या वेळी तिसऱ्या मजल्यावरचा अक्षय उभा राहिला. हा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, नुकताच ब्रेक देऊन घरी बसवलेला, त्यामुळे डोकं तापलेलंच.

"पाण्याचं बोला, शेठ."

"तो विषय पत्रिकेवर नाही."

"आमचं तोंड धुणं तुमच्या पत्रिकेवर कधी होतं?"

मागे बायका रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. त्यांनी ते फरशीवर आपटायला सुरुवात केली. मीही आपटत होते. बबनशेठनी बराच वेळ हात वर करून बघितला, मग संतापून सोसायटीचा शिक्का टेबलावर फेकला. "चालवून दाखवा! उद्या माझ्याच दारात याल सगळे!" आणि ते कमिटी घेऊन चालते झाले.

एवढ्या पटकन राज्य पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मग अक्षय ओरडला, "चेअरमन कोण? कॉम्रेड!" सगळे हात वर. सहकार कायद्याच्या कुठल्याच कलमात हे बसत नव्हतं, मला ते कळत होतं, पण क्रांती काही उपनिबंधकाला विचारून होत नाही. कॉम्रेडचा चेहरा मात्र पांढराफटक पडलेला. मी शेजारी जाऊन म्हटलं, "कॉम्रेड, झाली की क्रांती."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, साळवी कुठं हाय?"

साळवी मोटर रूममध्ये होते, आतून कडी लावून. दुपारी पाणी यायची वेळ झाली. खालच्या टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज येत होता आणि वरच्या दोन्ही टाक्या कोरड्या. माणसं दाराशी जमली. कुणी दारावर लाथ मारली. आतून साळवींचा चिरका आवाज आला, "मेल्यांनो, दाराला हात लावलात तर मोटर जाळून टाकीन!"

मोटर जळली असती तर आठवडाभर पाण्याची बोंब. आमच्या सोसायटीत सगळे फिटर, वेल्डर, मेंटेनन्सवाले. कुणी ग्राइंडर आणायला धावलं, कुणी म्हणालं बिजागऱ्या कापा, कुणी म्हणालं आधी मेन स्विच पाडा. ग्राइंडरची वायर ओढत आणली सुद्धा. उन्हाने आणि रागाने तोंडं लाल झालेली. दार तुटलं असतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, सांगता येत नाही. आणि मी त्याला वाचवायला पुढे गेले नसते, हेही खरं.

कॉम्रेड पुढे झाले, ग्राइंडरवाल्याच्या आणि दाराच्या मधे एक बादली उपडी टाकून तिच्यावर बसले.

"साळवी, मी रसाळ. नवं प्रशासन तुम्हाला कामावर कायम ठेवतंय."

कॉम्रेडनी बादली आणखी दाराजवळ सरकवली.

"पदनाम तेच. खोली तीच."

"तुमचं कोण ऐकतो, रसाळ? बाहेर पोरं उभी आहेत ती मला सोडतील काय?"

"माझा शब्द हाय. कुणी हात लावणार न्हाई. तुम्हाला खोलीतनं कुणी काढणार न्हाई."

मागून अक्षय म्हणाला, "कॉम्रेड, असा शब्द देऊ नका." कॉम्रेडनी मागे हात केला, गप म्हणून. टाकीत पाणी पडतच होतं. मग कडी सरकल्याचा आवाज झाला.

साळवी घामाने निथळत बाहेर आले. कॉम्रेड त्यांच्यापुढे आडवे उभे राहिले आणि सगळे फिटर दोघांना ओलांडून आत घुसले. पुढचा अर्धा तास आत नुसता कल्ला. एकाला वाटे फेज गेलाय, दुसऱ्याला वाटे हवा धरलीय. प्रत्येकजण आपापल्या कंपनीत हे कसं करतात ते सांगत होता. पण शेवटी मोटर घुर्र करून चालू झाली. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज गच्चीवरून ओरडून कळवला गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्षयने तिथल्या तिथे भिंतीवर खडूने पाळ्या लावल्या, कुणी कधी मोटर लावायची, कुणी व्हॉल्व्ह फिरवायचा. कंपनीतली पोरं, त्यांना पाळ्या लावायला काय शिकवायचं?

आणि मग कुणीतरी साळवींची खाट बाहेर आणून ठेवली. कुणी स्टोव्ह, कुणी ट्रंक. साळवी खोलीच्या पायरीवर बसून आपलं सामान बाहेर येताना बघत होते.

"हे काय चाललंय?" कॉम्रेड म्हणाले.

"काय नाही, कॉम्रेड." अक्षय हात पुसत आला. "तुम्हीच म्हणायचात ना, जुन्या माणसांवाचून दुसरा दिवस उजाडत नाही? टाकी भरली की! या माणसाची गरज काय ते सांगा. एक कारण सांगा, आम्ही सामान आत ठेवतो."

सगळे थांबले. मीसुद्धा वाट बघत होते, आता रशिया येणार, चीन येणार. कॉम्रेडकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. त्यांनी तोंड उघडलं, मोटरकडे बघितलं, भिंतीवरच्या पाळ्या वाचल्या. जन्मभर ज्या दुसऱ्या दिवसाची काळजी वाहिली, तो दिवस पोरांनी अर्ध्या तासात मार्गी लावला होता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते तिथेच एकदम थकल्यासारखे दिसायला लागले.

"खरं हाय," ते म्हणाले. "याच्यावाचून काय अडत न्हाई. कुणावाचूनच काय अडत न्हाई, पोरा."

मग कुणाकडेच न बघता ते बोलायला लागले. "युनियनचं ऑफिस मी रोज उघडायचो. कंपनी बंद पडल्यावर बी. झाडायचो, पेपर लावून ठेवायचो. मंग नवी कमिटी आली. शाल दिली, नारळ दिला, म्हणाले कॉम्रेड, आता आराम करा. चावी मागितली, मी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो. वाटलं, आपल्यावाचून कुलूप तसंच असंल. ऑफिस उघडं. झाडलेलं. माझ्यापेक्षा चांगलं झाडलेलं. मी बाहेरनंच मागं फिरलो. पर फिरून जायचं कुठं, हे काय मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी साळवींकडे हात केला.

"याला मी शब्द दिलाय. याला राहू द्या. कारण इचारू नका, माझ्याकडं कारण न्हाई."

अक्षय माझ्याकडे बघायला लागला. बाकीचेही बघायला लागले, कारण साळवींना सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या होत्या. मला साळवींची दया आली नाही. सासूबाईंच्या चादरी मला आठवत होत्या, आजही आठवतात. पण इतकी वर्षं कॉम्रेडच्या प्रश्नाला मी हसले होते, आणि हा दारोदार फिरून ज्याला त्याला जे सांगत होता ते एवढंच होतं, की तुम्ही या, तुमची जागा आहे. ते मला त्या घटकेला कळलं. राग आला, कारण हे कळायला ही वेळ नव्हती.

मी पुढे झाले आणि साळवींचा स्टोव्ह उचलून आत नेऊन ठेवला. "खोलीत राहू दे याला," मी म्हटलं. "पण व्हॉल्व्हला बोट जरी लावलं तर खाट मी स्वतः बाहेर काढीन."

अक्षयने दुसऱ्या पोराला खूण केली आणि दोघांनी खाट उचलली.

कॉम्रेडनी त्याच संध्याकाळी चेअरमनकी सोडली. अक्षय चेअरमन झाला. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा बोर्डावर नवीन नोटीस लागलेली: पाणी जपून वापरावे, अन्यथा कारवाई केली जाईल, आदेशावरून. मजकूर बबनशेठचाच, शब्दसुद्धा बदलला नव्हता. शिक्काही तोच. फक्त सही अक्षयची.

मोटर रूममध्ये पाळीवरच्या पोराने मोटर लावलेली होती. साळवी आपल्या खोलीपुढच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, रोज तक्रारी ऐकायला बसायचे तसेच. तक्रार घेऊन कुणी येत नव्हतं. बायका तोंड फिरवून जात होत्या. साळवींना हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. मांडीवर ठेवून बघत होते, पुन्हा उचलत होते.

तेवढ्यात कॉम्रेड आपल्या घरातली खुर्ची फरफटत घेऊन आले आणि साळवींच्या शेजारी, भर उन्हात टाकून बसले.

साळवींनी संशयाने बघितलं. "पहारा ठेवायला पाठवलंय काय?"

"न्हाई."

"मग?"

"पहिल्या दिवशी एकट्यानं बसवत न्हाई," कॉम्रेड म्हणाले.

साळवींनी आपली खुर्ची जरा सरकवली आणि सावलीत कॉम्रेडना जागा करून दिली.